नॅरोगेजची कुर्डुवाडी संगणकावर उभी करतेय: साल कुठलं धरू, आणि यार्डाबाहेरचं गाव कुठून शोधू?

वर्कशॉपची_नात

नमस्कार मंडळी. बार्शी लाइट रेल्वेच्या काळातली कुर्डुवाडी संगणकावर उभी करायला घेतली आहे. नुसतं स्टेशन नाही. दोन्ही गेजची यार्डं, वर्कशॉप, लोकोशेड, क्वार्टर्स, बाजार, विहिरी, सगळंच. बघणाऱ्याला त्यात चालत फिरता आलं पाहिजे: मुंबईच्या गाडीतून ब्रॉडगेजच्या फलाटावर उतरायचं, बोचकं डोक्यावर घ्यायचं आणि पंढरपूरच्या छोट्या गाडीत जागा धरायची. मी व्यवसायाने ड्राफ्ट्समन आहे, ऑटोकॅड रोजचं आहे, ब्लेंडर (त्रिमितीय प्रतिकृतीसाठी) आणि क्यूजीआयएस (नकाशे बसवण्यासाठी) यासाठी शिकून घेतलं. माझे आजोबा, आईचे वडील, वर्कशॉपात फिटर होते. आईचं बालपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं.

ज्यांना हे गाव फक्त सोलापूरच्या गाडीतून जाताना दिसलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इथे १८५९ साली पोचली आणि १८६० मध्ये पुढे सोलापूरला गेली. स्टेशनचं नाव ठेवलं बार्सी रोड, कारण कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी इथून वीसेक मैल आत. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तो माल बैलगाडीनेच स्टेशनवर येत राहिला. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची हलकी रेल्वे आखली आणि १८९७ साली कुर्डुवाडी–बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ ला ती पंढरपूरला गेली, १९११ ला निजामाच्या हद्दीत लातूरपर्यंत, १९२७ ला मिरजेपर्यंत. सगळी मिळून २०२ मैल. मोठी लाइन साडेपाच फुटी, छोटी अडीच फुटी. एकीचा डबा दुसरीवर जाऊच शकत नाही. त्यामुळे इथे येणारं प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ, प्रत्येक वारकरी एकदा खाली उतरायचा आणि दुसऱ्या गाडीत चढायचा. कुर्डुवाडीत हमाल, तोलाईदार, चहावाले, खाणावळी, धर्मशाळा जे काही वाढलं ते या उतरण्या-चढण्याच्या वेळेवर वाढलं. म्हणून माझ्या प्रतिकृतीचं केंद्र इंजिन नाही, माल बदलायची शेड आहे. रेल्वेप्रेमी मंडळींना हे थोडं खटकेल, पण माझं मत पक्कं आहे.

आत्तापर्यंत हाताशी आलेलं साहित्य:

सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी (१:५०,०००) टोपोशीट त्यांच्या पोर्टलवरून मिळाला. त्यावर गावाचा पसारा कळतो, इमारत कळत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुने अमेरिकन लष्करी नकाशे खुले ठेवलेत, ते अडीच लाखी आहेत, त्यातून फक्त लाइनीची दिशा मिळते. उंचीसाठी एसआरटीएमची (अवकाशयानातून रडारने मोजलेली) तीस मीटरची माहिती घेतली, पण आपला हा भाग इतका सपाट की त्यात यार्ड आणि शेत एकच दिसतं. घरी काही फोटो आहेत, त्यातला एक वर्कशॉपच्या दारातला गटाचा फोटो फार मोलाचा आहे: मागच्या भिंतीचे दगड मोजता येतात, खिडकीची कमान दिसते, माणसांच्या उंचीवरून दरवाजाची उंची काढता येते. आजोबांच्या कागदांत पगाराची चिठ्ठी आणि क्वार्टरचा नंबर मिळाला.

आता अडचणी.

पहिली, साल. १८९७ धरलं तर लाइन अगदी नवी, गाव जेमतेम. १९२७ धरलं तर पूर्ण विस्तार मिळतो. आजोबांचा काळ धरला तर चाळीस-पन्नासचं दशक. सगळी सालं एकाच प्रतिकृतीत कोंबायची नाहीत हे मी ठरवलंय. १९११ ची शेड, १९५० ची पाण्याची टाकी आणि १९७० चं झाड शेजारी शेजारी आलं की ते कुठल्याच दिवसाचं गाव राहत नाही.

दुसरी, शेड. तिथे दोन्ही बाजूंना दोन वेगळे रूळ, मध्ये ओटा. वॅगनची तळफळी ओट्याच्या पातळीत आली तरच पोतं सरळ ओढता येतं. दोन्ही गाड्यांची तळफळी वेगवेगळ्या उंचीची, म्हणजे एका बाजूचे रूळ वर किंवा खाली घेतलेले असणार. ही उंची मला कुठल्या कागदावर मिळेल?

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड: यार्डाच्या कुंपणाबाहेरचं गाव. रेल्वेच्या नकाशावर रेल्वेची हद्द संपली की कागद कोरा असतो. बाजार, मशीद, देवळं, आड, हमालांची वस्ती, हे कोणी काढून ठेवलंय का?

आणि चौथी: जिथे पुरावा नाही तिथे काय करायचं? रिकामी जागा ठेवायची की अंदाजाने घर उभं करायचं?

आई सत्तरी ओलांडलेली आहे, तिच्या मैत्रिणी अजून आहेत, पण आजोबांच्या पिढीचं आता कोणी उरलेलं नाही. त्यामुळे घाई आहे.

---

साखळी_आणे

ताई, भूमी अभिलेख खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. माढा तालुक्यात काम केलेलं नाही, पण पद्धत सगळीकडे एकच, म्हणून लिहितो.

तुम्ही रेल्वेचा कागद शोधताय. मी सांगेन, आधी शेतकऱ्याचा कागद शोधा. रेल्वेने जमीन घेतली म्हणजे कोणाच्या तरी सर्व्हे नंबरातून ती कमी झाली. ती कमी झाल्याची नोंद कमी-जास्त पत्रकात असते, आम्ही त्याला कजाप म्हणतो. कुठल्या नंबरातून किती एकर-गुंठे गेले, कोणत्या हुकुमाने गेले, साल काय, हे सगळं त्यात येतं. १८५९ च्या आधीची मोठी लाइन, १८९७ ची छोटी लाइन, नंतर वर्कशॉपसाठी किंवा क्वार्टर्ससाठी घेतलेली जादा जागा, प्रत्येक संपादन वेगळ्या नोंदीने आलेलं असतं. त्या नोंदी सालवार लावल्या की यार्ड कसं कसं रुंदावत गेलं ते तुम्हाला आपोआप दिसेल. इंजिनाच्या पुस्तकात हे मिळणार नाही.

दुसरं म्हणजे टिपण. जुन्या मोजणीचं टिपण बघायला शिका. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. टिपणावर मध्यरेषा आणि तिच्यावर काटकोनात दोन्ही बाजूंची अंतरं साखळी-आण्यात लिहिलेली असतात. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. तुमच्या तीस मीटरच्या अवकाशातून घेतलेल्या माहितीपेक्षा हे कितीतरी बारीक आहे, आणि हातात साखळी धरून माणसांनी प्रत्यक्ष मोजलेलं आहे. गाव नकाशा ताणून बसवण्यापेक्षा टिपणावरून नंबर एकेक करून काढा आणि मग जोडा. वेळ लागतो, पण बांध जागेवर येतो.

संगणकावर बसवताना खूण म्हणून रस्त्याचा चौक घेऊ नका, रस्ते सरकतात. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड घ्या, जुनी बांधीव विहीर घ्या, रेल्वेच्या हद्दीचा दगड घ्या. विहीर तर फारच चांगली, ती कोणी हलवत नाही.

आणि रेल्वेचा लँड प्लॅन. ही गोष्ट लोकांना ठाऊक नसते: जमिनीच्या नकाशाची एक प्रत रेल्वेकडे असते तशी महसुलाकडेही असायला हवी, कारण हद्द दोघांनी मिळून कायम करायची असते. एका दारात नाही म्हणाले तर दुसऱ्या दारात अर्ज करा. अर्जात ‘जुना नकाशा पाहिजे’ असं मोघम लिहू नका. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, संपादनाचं अंदाजे साल आणि ‘कजाप व टिपण उताऱ्याची नक्कल’ असं स्पष्ट लिहा. मोघम अर्ज मोघम उत्तर घेऊन परत येतो.

गावठाणाचं म्हणाल तर सिटी सर्व्हे झालेला असेल त्या भागाच्या चौकशी नोंदवहीत घरमालकाचं नाव, जागेचा वापर, चतुःसीमा मिळतात. पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला बोळ, असं. कोरा कागद भरायला याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही.

---

शून्य_आठ_चार

वा, फार आनंद झाला. बार्शी लाइटवर हौसेने काम करणारे आम्ही थोडेच, त्यातही सगळे इंजिनांच्या मागे. शेड केंद्रस्थानी ठेवायचा तुमचा विचार मला तरी खटकत नाही, उलट पटला. कॅलथ्रॉपचं मूळ डोकंच मालाच्या हिशेबात होतं. इंजिन असो की वॅगन, कुठल्याच आसावर पाच टनांच्या वर भार नको, म्हणजे एक यार्ड लांबीला तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो. डबे आणि वॅगनी दाबीव पोलादाच्या, बोगीवरच्या, लीड्स फोर्जच्या. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्याने ही सगळी गाडी चालवून दाखवली होती. (हाच माणूस पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला आणि ‘गार्डियन एंजल’ बनवलं. वजन किती आणि ते कुठे टेकतं, याचाच विचार जन्मभर.)

त्या काळच्या ‘द इंजिनिअर’ साप्ताहिकाचे अंक ग्रेसेस गाइडच्या संकेतस्थळावर चाळता येतात. एक सावधगिरी: इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाइनीची रेखाचित्रं सहज मिळतात, तीही कॅलथ्रॉपचीच, गेजही तेच, इंजिनंही किट्सन कंपनीचीच. पण ती २-६-४ चाकांची (पुढची, मधली चालवणारी, मागची अशी चाकं मोजतात). बार्शीची पहिली किट्सन इंजिनं ०-८-४. ते चित्र उचलून इथे लावू नका.

आता तुमच्या खऱ्या कामाचं. कोरोना बघितलंत का? अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रं १९९५ मध्ये गुप्ततेतून मोकळी झाली. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर गाव शोधा, कुणी आधी स्कॅन मागवलेलं असेल तर फुकट उतरवता येतं, नसेल तर थोडे पैसे भरून मागवता येतं. शेवटच्या केएच-४बी कॅमेऱ्याची चित्रं घ्या, त्यात दोन मीटरच्या आसपासची गोष्ट ओळखू येते. नॅरोगेजचा रूळ स्वतंत्र दिसणार नाही, पण खडीचा पट्टा, शेडांची छपरं, क्वार्टर्सच्या ओळी, झाडं, विहिरीचे काळे ठिपके दिसतील. तुमचं कोरं गाव त्या चित्रात पूर्ण आहे. साल साठच्या दशकाच्या अखेरचं किंवा सत्तरच्या सुरुवातीचं, पण नॅरोगेज तेव्हा जोरात चालू होतं.

हे चित्र सरळ चार कोपरे धरून बसवता येत नाही. कॅमेरा बाजूला झुकत फिरत चित्र काढायचा, त्यामुळे पट्टीच्या मधलं प्रमाण वेगळं आणि टोकाचं वेगळं. क्यूजीआयएसमध्ये थिन प्लेट स्प्लाइन (खुणांनुसार चित्र ठिकठिकाणी वेगळं ताणणारी पद्धत) निवडा आणि गावाच्या भागात भरपूर खुणा द्या. साखळी_आणे काकांनी सांगितलेल्या विहिरी इथेही कामाला येतील.

उंची सावलीवरून काढा. आज उभी असलेली एखादी जुनी इमारत निवडा, तिची उंची मोजा, त्या चित्रातली तिची सावली मोजा. आज पडून गेलेल्या शेडची त्याच चित्रातली सावली त्याच प्रमाणात लावा. समजा मोजलेली इमारत सहा मीटर, तिची सावली नऊ मीटर, शेडची सावली साडेसात, तर शेड पाच मीटरची. दोन मीटरचा ठिपका असल्यामुळे मीटरभर इकडेतिकडे होणार, पण गटाच्या फोटोतला दरवाजा ताडून बघितलात की ते आवळता येईल.

ओट्याच्या उंचीसाठी लाइनीचा उभा छेद लागेल, म्हणजे लॉन्गिट्यूडिनल सेक्शन, रुळाची पातळी कुठे किती वर-खाली ते दाखवणारं चित्र. रेल्वेच्या जुन्या इंजिनिअरिंग शाखेत फेरो प्रिंट (नकाशांच्या निळ्या प्रती) असतात. शिवाय मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार: सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक खंड बघा, तिथे कंपनी आणि सरकार यांच्यातला पत्रव्यवहार असतो, आणि पत्राला कधीकधी नकाशा जोडलेला असतो. आजच्या रुळाची पातळी मात्र जुन्या काळाला लावू नका. दरवेळी खडी पडते आणि रूळ वर चढतो. शिवाय २०१० च्या आसपास पूर्ण लाइन ब्रॉडगेज होताना यार्डाचा चेहराच बदलला.

सालाबद्दल मी म्हणेन १९२७. मिरज जोडली गेली तो क्षण.

---

मोडनिंबची_माहेरवाशीण

मी तुमच्या आईहून थोडी मोठी. माझे काका कुर्डुवाडीला लोकोशेडमध्ये खलाशी होते, सुट्टीत आम्ही सगळी भावंडं त्यांच्याकडे. मला नकाशातलं काही कळत नाही, पण १९२७ नको बाई. तेव्हाचं सांगणारं कोण आहे? आमच्या लहानपणचं धरा, आम्ही आहोत अजून सांगायला.

भोंगा विसरू नका. वर्कशॉपचा भोंगा झाला की गावात कोणी घड्याळ बघत नसे. भाकरी कधी टाकायची, पोरं शाळेत कधी काढायची, सगळं भोंग्यावर. तुमच्या त्या गावात आवाज असेल ना? नसेल तर ते कुर्डुवाडी वाटायचं नाही.

राखेचा ढीग. इंजिनाची राख जिथे काढायचे तिथे बायका-पोरी टोपल्या घेऊन बसायच्या, अर्धवट जळलेली कणी वेचायला. शेगडीला ती छान लागायची. माझी काकू सुद्धा जायची, तोंडाला पदर बांधून. रेल्वेच्या नकाशात तो ढीग असेल, बायका नसतील. तुम्ही त्या काढा.

वारीचं काय सांगू. आषाढी-कार्तिकीला मोठ्या गाडीतून माणसं उतरली की टाळ वाजायला लागायचेच. छोट्या गाडीच्या आत जागा नसायची, टपावर सुद्धा माणसं. पताका खाली वाकवून धरायची. गाडी हळू चालायची, वळणावर पुढचं इंजिन मागच्या डब्यातून दिसायचं. ज्यांची गाडी चुकायची ते तिथेच राहायचे, झाडाखाली, ओसरीवर, कोणाच्याही अंगणात. माझी काकू त्या दिवसांत ज्वारी जास्तीची दळून ठेवायची. घराच्या दाराशी पाण्याचा हंडा आणि पितळी गडवा असायचाच असायचा. तुमच्या क्वार्टरच्या दारात ठेवा तो.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी. आमच्याकडे मागच्या अंगणात शेवगा होता आणि तार बांधून कपडे. काळा धूर आला की धुतलेलं परत धुवायचं.

---

वर्कशॉपची_नात

तिघांचेही मनापासून आभार. काकू, तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, राखेच्या ढिगाचं ऐकून तिला तिची शेजारीण आठवली आणि मग ती बराच वेळ बोलत राहिली. ते सगळं रेकॉर्ड करून ठेवलंय.

साल ठरलं. १९५३, आणि त्यातही कार्तिकी वारी. कारण सांगते. जीआयपी १९५१ च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वेत गेली होती, पण बार्शी लाइट तेव्हाही वेगळी कंपनीच होती. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली. म्हणजे १९५३ ची कार्तिकी ही कंपनीच्या नावाखाली झालेली शेवटची वारी. एका फलाटावर मध्य रेल्वेच्या पाट्या, पलीकडे बार्शी लाइटच्या, आणि दोन्हीमध्ये हजारो माणसं बोचकी घेऊन चाललेली. मला दाखवायचं होतं ते उतरणं-चढणं त्या दिवशी जितकं होतं तितकं एरवी नाही. शिवाय कार्तिकात आभाळ मोकळं असतं, कोरोनाच्या चित्रातली कोरड्या दिवसांतली सावली आणि माझ्या प्रतिकृतीतली सावली सारखी ठेवता येईल. पाट्यांवरच्या नावासाठी त्याच वर्षाचं ब्रॅडशॉ (सगळ्या रेल्वेंच्या वेळापत्रकांचं पुस्तक) आणि रेल्वेचं टाइमटेबल शोधणार आहे, त्यावरून कुठली गाडी किती वाजता उभी होती तेही बसवता येईल.

शून्य_आठ_चार, १९२७ चं तुमचं म्हणणं समजलं, पण काकूंचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. १९५३ साली दहा वर्षांची असलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना विचारता येईल अशी हीच वेळ आहे. आणि कोरोनाचं चित्र या सालापासून पंधरा-वीस वर्षांच्या अंतरात येतं, १९२७ पासून चाळीस-पंचेचाळीस.

विचारायचं कसं, हे आईशी बोलताना लक्षात आलं. ‘शेड कशी होती?’ विचारलं की ती म्हणते, ‘मोठी होती.’ त्यापेक्षा ‘भोंगा झाला, तू डबा घेऊन निघालीस, आता मला वाटेने घेऊन चल’ म्हटलं की ती हाताने दाखवत बोलते. इथे डावीकडे नळ, इथे चिखल असायचा म्हणून फळी टाकलेली, इथून पुढे मुलींना जायला मनाई. ती फळी आणि ती मनाईची रेघ मी नकाशावर मांडली आहे. ज्यांच्या घरी अशी माणसं असतील त्यांनी कृपा करून याच पद्धतीने विचारावं.

आता अंदाजाच्या घरांचं. सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय दर्शनासाठी २००९ ची लंडन चार्टर म्हणून तत्त्वं आहेत, ती मी वाचली. त्यांचा भर यावर आहे की प्रत्येक भाग कशाच्या आधारे उभा केला याची नोंद त्या कामासोबतच राहिली पाहिजे. म्हणून मी असं करतेय: ज्या वस्तूला मोजमापाचा कागद आहे ती पूर्ण रंग-पोतासह. जिला फोटो, सावली किंवा एकाहून जास्त माणसांची आठवण आहे तिचा आकार पूर्ण, पण रंग फिका. जिथे फक्त अंदाज आहे तिथे साधा मातकट ठोकळा, खिडकी-दार काही नाही. बघणाऱ्याने कुठल्याही भिंतीवर बोट ठेवलं की तिचा आधार समोर यावा. सुंदर पण खोटी भिंत मला चालणार नाही. पुढच्या पिढीतलं कोणी हे बघेल आणि तेच खरं धरून बसेल, त्याची मला काळजी आहे.

---

शून्य_आठ_चार

कार्तिकी ऐकून माझी हरकत संपली. फक्त एक अडचण दिसते. हमालांच्या वस्तीला कागद सगळ्यात कमी मिळतील, वर्कशॉपला सगळ्यात जास्त. तुमच्या नियमाने साहेबाचा बंगला रंगीत होईल आणि हमालाचं घर मातकट ठोकळा. बघणाऱ्याला वाटेल की तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच.

---

वर्कशॉपची_नात

हे फार नेमकं बोललात. या मुद्द्यावर मी आज दिवसभर विचार करतेय.

भिंतींचा नियम मी सोडणार नाही. पण त्या वस्तीत माणसं आणि वस्तू घालता येतात, कारण त्यांचा आधार वेगळा आहे. पाठीवरचं पोतं, डोक्याला गुंडाळलेला पंचा, पोत्याला घालायचा आकडा, चूल, घागर, हे त्या काळच्या कुठल्याही माल-शेडच्या फोटोत दिसतं आणि आईच्या पिढीने डोळ्यांनी बघितलंय. घराची भिंत मातकट राहिली तरी दारातली चूल खरी असू शकते. शिवाय माल बदलायच्या शेडला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, आणि ती शेड हमालांचीच जागा. तिथे उभं राहिलं की ओट्याची उंची कमरेला लागते की गुडघ्याला, हे कळलं पाहिजे, कारण दिवसभरात किती वेळा वाकावं लागत होतं ते त्यावर ठरतं. म्हणून तो उभा छेद मला हवाच आहे.

काकू, तुमच्या ओळखीत हमाली केलेल्या घरातलं कोणी आहे का? मुलं, सुना, नातवंडं, कोणीही.

---

मोडनिंबची_माहेरवाशीण

आहे की. माझ्या वर्गातली एक मैत्रीण, तिचे वडील माल-शेडवर मुकादम होते. आता ती मुलाकडे बार्शीला असते. ऐकायला थोडं कमी येतं, पण आठवण माझ्यापेक्षा चांगली. तिला आधी विचारते आणि मग तुम्हाला निरोप देते. फोनवर नको, समोर बसून बोला. आणि आईला घेऊन या.

---

साखळी_आणे

मुकादमाच्या घरी जाल तेव्हा जुन्या कागदांची पेटी उघडायला लावा. घरपट्टीची पावती, शाळेचा दाखला, जागेच्या भाड्याची चिठ्ठी, काहीही चालेल. घरपट्टीच्या पावतीवर घर नंबर असतो, तो नगरपालिकेच्या जुन्या आकारणी नोंदवहीत लावून बघा. तिथे घराचं वर्णन दोन शब्दांत असतं: मातीचं, पत्र्याचं, माळवदाचं. तेवढ्यावर तुमचा एक ठोकळा फिक्या रंगात जाईल. एक घर लागलं की चतुःसीमेवरून शेजारची दोन लागतात. टिपणाची नक्कल हातात आली की इथे फोटो टाका, मध्यरेषा कुठून धरायची ते मी दाखवतो.